तोफ गेली, जागा राहिली: ठाणे-बेलापूरच्या खाडीकिल्ल्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेलापूरच्या किल्ल्यावर नवी मंडळी घेऊन गेलो की पंधरा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "तोफ कुठाय?" तोफ नसते. मग चेहरे पडतात, दोन सेल्फी होतात आणि पावलं गाडीकडे वळतात. त्या पंधराव्या मिनिटानंतर पुढचे दोन तास काय बघायचं, त्यासाठी हा लेख.

तोफ ही शेवटी हलवायची वस्तू. जिंकणारा ती ओढून नेतो, हरणारा जाता जाता निकामी करतो, आणि दोघांच्या हातून सुटली तर भंगारवाला आहेच. पण तोफ उभी राहावी म्हणून जे बांधलेलं असतं ते सहसा कुणी नेत नाही. तटातली खिडकी, तिच्यामागची ऐसपैस जागा, वर चढवायचा उतार, दारूची कोठी. हे वाचता आलं की तिथे केवढी तोफ होती, ती कुठे बघत होती आणि किल्लेदाराला नेमकी कुणाची भीती होती, हे बऱ्यापैकी उलगडतं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: तोफ शोधू नका, तोफेची जागा शोधा.

घरी बसून करायचं काम

कागदावर ठाण्याची खाडी, उल्हास नदी आणि पनवेलची खाडी अशा तीन रेघा काढा. आता चार ठिपके द्या: पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी बेलापूर, ठाण्याच्या खाडीकाठी ठाण्याचा किल्ला (म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह), उल्हासच्या पाण्यावर वरच्या अंगाला कल्याणचा दुर्गाडी आणि खालच्या अंगाला घोडबंदर. चारही ठिपके पाण्याला चिकटून आहेत. घाटावरून उतरलेला माल कल्याण-पनवेलसारख्या बंदरांतून होड्यांत पडायचा आणि होडीला खाडीशिवाय दुसरी वाट नव्हती. या किल्ल्यांच्या तोफा मुख्यतः त्या वाटेवर डोळा ठेवून होत्या. सह्याद्रीतला डोंगरी किल्ला पाहून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तो महादरवाजा शोधत राहतो आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. आजची किनाऱ्याची रेघ ही किल्ल्याच्या काळची रेघ नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली, त्यानंतर नवी मुंबईत भराव पडले, रस्ते आले, कांदळवनं सरकली. बुरुजावर उभं राहून "इथून पाणी तर किती लांब आहे" असं वाटलं तर चूक बुरुजाची नसते. जुना नकाशा मिळाला तर शेजारी ठेवा, नाही मिळाला तर जमिनीचा सपाटपणा बघा. एकसारखी सपाट, खारट, झुडपी जमीन दिसली की तिथे एकेकाळी पाणी नाहीतर चिखल होता असं धरून चालायला हरकत नाही.

पल्ल्याचा अंदाजही घरीच घेऊन ठेवा. सतराव्या-अठराव्या शतकातली साधी, आतून गुळगुळीत नळीची मधल्या आकाराची तोफ गोळा लांब फेकायची खरी, पण नेम धरून काही फोडायचं तर हजारेक मीटरच्या आतलीच गोष्ट. नकाशावर किल्ल्याभोवती हजार मीटरचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळात पाण्याची कोणती वाट येते, ते बघा. किल्ला तिथेच का बांधला याचं उत्तर बऱ्याचदा त्या वर्तुळातच सापडतं.

कधी जायचं, काय न्यायचं

पावसाळ्यात जाऊ नका. फोटो सुंदर येतात, पण दगड दिसत नाहीत. पाऊस संपल्यावरही दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं आणि त्यात घोणस, फुरसं असू शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून बसतं, तेव्हा तटाचा पायासुद्धा मोकळा होतो. सकाळी साडेसात ते दहा किंवा दुपारी चारनंतर जा. ऊन तिरपं असलं की दगडावरची खाच, टाकीचे (छिन्नीचे) घाव, कोरीव आकडे सावलीमुळे उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड कोऱ्या पाटीसारखा दिसतो.

पाच मीटरची टेप, बॅटरी, वही, पेन्सिल, पायात बूट. फोनमध्ये होकायंत्र असतंच. फोटोत माप कळावं म्हणून मी दहा रुपयांचं नाणं ठेवतो, त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो. खडू, चुना, तारेचा ब्रश, खुरपं यातलं काहीही नेऊ नका. कारण पुढे येईलच.

बेलापूरला जायचं तर हार्बर लाइनने सीबीडी बेलापूर किंवा सीवूड्स-दारावेला उतरा आणि रिक्षावाल्याला किल्ले गावठाण सांगा. नुसतं "किल्ला" म्हणालात तर तो किल्ला जंक्शनच्या सिग्नलला सोडतो, तिथून चालत यावं लागतं. संवर्धनाचं काम चालू असेल तर काही भाग बंद असतो. रखवालदाराशी हुज्जत घालू नका, नीट विचारलं तर तोच सगळ्यात चांगला वाटाड्या ठरतो. दुर्गाडीला नवरात्रात जाऊ नका, देवीच्या जत्रेत टेप उघडायला जागा मिळणार नाही.

आधी बाहेरून फेरी

आत शिरायची घाई सगळ्यांना असते. पहिली फेरी बाहेरून मारा, जिथपर्यंत वाट आहे तिथपर्यंत. हल्ला करणाऱ्याला काय दिसत होतं ते आधी बघायचं.

बाहेरून पहिलं बघा बुरुजाचा आकार. आपल्याकडे गोल बुरूज जास्त. गोल बुरुजावर आदळलेला गोळा घसरून जायची शक्यता असते, हा त्याचा फायदा. तोटा असा की बुरुजाच्या अगदी नाकासमोर, पायथ्याशी, एक तुकडा असा राहतो की तिथे उभा असलेला शत्रू शेजारच्या तटावरून दिसत नाही. बाभळीच्या झाडामागे लपलेल्या पोरासारखा तो तिथे सुखरूप असतो, आणि निवांतपणे सुरुंग खणू शकतो. युरोपात तोफा वाढल्या तसा यावर उपाय म्हणून टोकदार, बाणाच्या पात्यासारखा बुरूज आला. त्याची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते, कोपरा असा आंधळा राहत नाही. पोर्तुगीजांनी तीच पद्धत इकडे आणली. ती स्वच्छ पाहायची तर वसईच्या किल्ल्याला पर्याय नाही. वसई आज पालघर जिल्ह्यात आहे, तो जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, पण खाडीच्या इतिहासात ती ठाण्याचीच सख्खी शेजारीण. आणि एवढा हिशेबाने बांधलेला किल्लाही १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पडला. तिथे सॅन सेबास्तियन बुरुजाला पाडलेलं खिंडार सुरुंगांचं होतं. नुसत्या तोफांनी ते काम झालं नव्हतं.

दुसरं बघा डागडुजी. तटाचा एखादा पट्टा वेगळ्या दगडाचा, वेगळ्या थराचा, ओबडधोबड भरलेला दिसला की थांबा. तो गोळ्यांनी पडलेला भाग असू शकतो, पिंपळाच्या मुळांनी पडलेला असू शकतो, किंवा गेल्या दहा वर्षांत कुणी कंत्राटात भरलेला असू शकतो. घोडबंदरला हे विशेष जपून करा, कारण तिथे अलीकडे बरंच नवं काम झालंय. जुन्या चुन्यात शिंपल्यांचे, विटेचे कण दिसतात, सांधा मऊ आणि पिवळट-पांढरा असतो. सिमेंटचा सांधा राखाडी आणि टणक असतो, तो बहुतेक वेळा दगडाच्या पुढे आलेला असतो.

गोळ्याची खूण कशी ओळखायची हे प्रत्येकजण विचारतो. काळ्या पाषाणावर लोखंडी गोळा बसला की बशीसारखा उथळ खळगा पडतो आणि त्यातून भेगा चौफेर फुटतात. टाकीचे घाव समांतर असतात, तसे इथे नसतात. एकच खळगा दिसला तर मी काहीच म्हणत नाही. एकाच उंचीवर चार-पाच जवळजवळ दिसले, तर मग ते कुठून आले असतील ते मागे वळून शोधायला मजा येते.

भोकं: खरा अभ्यास इथे आहे

तटाला चार प्रकारची भोकं असतात आणि नवखा माणूस चारहींना तोफेची भोकं म्हणतो. मीही असाच चुकायचो. माझ्या पहिल्या वहीत एका तटावर "२३ जंग्या" (म्हणजे बंदुकीची भोकं) अशी मोठ्या अभिमानाने केलेली नोंद आहे. श्रमदानाला आलेला एक गवंडी ती वाचून इतका हसला की त्याच्या हातातली थापी खाली पडली. "अहो, ही परांचीची भोकं!" तट बांधताना परांची बांधायला लाकडी वासे भिंतीत खुपसतात, काम संपलं की काढून घेतात, भोकं राहतात. ती चौकोनी, मुठीपेक्षा थोडी मोठी, एका ओळीत, ठरावीक अंतरावर असतात, आणि आरपार नसतात. बॅटरी मारून बघितली असती तर कळलं असतं. तेव्हापासून भोक दिसलं की आधी बॅटरी.

दुसरी भोकं पाणी जायची. ती फांजीच्या म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेच्या पातळीला, जमिनीसरशी असतात, आणि बाहेरच्या बाजूला बऱ्याचदा दगडी पन्हळ पुढे आलेली असते.

तिसरी जंगी. ही बंदुकीची. तोंड अरुंद, आतून बघितलं की उतरती, कारण तिचं काम तटाखाली आलेल्या माणसाला टिपायचं. एकाच जागी आतून तीन फाटे फुटलेली जंगीही सापडते, एक सरळ, एक डावीकडे, एक उजवीकडे. आत वाकून तिन्हीतून बघा आणि तीन वेगवेगळी दृश्यं वहीत काढा. बंदूकधारी एकाच जागी उभा राहून तीन दिशा सांभाळत होता, हे अंगाने कळतं.

चौथी तोफेची खिडकी. ही मोठी असते आणि तिच्या बाजू समांतर नसतात, पसरट असतात. अरुंद भाग आत आणि रुंद भाग बाहेर, कधी उलट, कधी मधोमध चिमटा काढल्यासारखी. असं का, ते हाताने करून बघा. एक काठी घेऊन खिडकीच्या चिंचोळ्या भागात टेकवा आणि डावी-उजवीकडे फिरवा. काठी जेवढी फिरते तेवढा त्या तोफेचा पंखा. होकायंत्राने दोन्ही टोकांचे अंश लिहून घ्या आणि घरी नकाशावर त्या दोन रेघा ओढा. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हा सर्वात फळ देणारा अर्धा तास. एका बुरुजाच्या तीन खिडक्यांचे पंखे नकाशावर काढले की ते पाण्याच्या ज्या तुकड्यावर एकमेकांना छेदतात, तिथे होडी घालायची हिंमत कोण करणार होतं?

खिडकीची चार मापं घ्या: आतली रुंदी, बाहेरची रुंदी, चिंचोळ्या भागाची रुंदी, आणि फांजीपासून खिडकीच्या उंबऱ्याची उंची. उंबरा गुडघ्याच्या वर, मांडीशी आला तर चाकांच्या गाड्यावरची तोफ तिथे बसू शकते. उंबरा छातीशी आणि खिडकी लहान असेल तर जंबुऱ्यासारखं हलकं हत्यार असेल, जे आकड्यावर बसवून फिरवतात. अशा वेळी उंबऱ्याच्या दगडात गोल खळी शोधा.

भिंतीच्या अगदी माथ्यावर, दोन चर्यांच्या (तटाच्या माथ्यावरच्या उभ्या दगडी उंचवट्यांच्या) मधली मोकळी जागा हीसुद्धा तोफेची जागा असू शकते. चर्या पडून गेल्या असतील तर नुसत्या मोकळ्या जागेवरून काही ठरवू नका.

बुरुजाचा माथा

आता वर चढा. कसे चढलात ते आठवा: पायऱ्यांनी की उताराने? तोफ पायऱ्यांवरून चढत नाही. टनभर लोखंड वर न्यायचं तर उतार हवा, किंवा वर तीन वाशांचं तिकाटणं उभारून दोरखंडाने ओढायला जागा हवी. एका बुरुजाला रुंद उतार आणि दुसऱ्याला चिंचोळ्या पायऱ्या असल्या, तर मोठी तोफ कोणत्या बुरुजावर होती हे विचारायला नको.

मग मागची जागा मोजा. तोफ उडाली की मागे उसळते. बत्ती देणारा गोलंदाज कधीही बरोबर मागे उभा राहत नसे, बाजूला राहायचा. मोठ्या तोफेला खिडकीपासून मागे चांगली चार-पाच मीटर जागा लागते, कारण उसळलेली तोफ थांबल्यावर पुढे जाऊन नळी पुसायची, दारू भरायची, गोळा ढकलायचा, गजाने ठासायचं असतं. गज तोफेइतकाच लांब, तोही फिरवायला जागा हवी. दोन मीटरची फांजी असेल तर तिथे मोठी तोफ होती असं कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी मान हलवून पुढे जा.

जमिनीत पोकळ आवाज येतो म्हणून उड्या मारू नका. दारूकोठार तोफेच्या अगदी शेजारी नसतंच. ते आतल्या अंगाला, जाड भिंतींचं, लहान दाराचं, थेट ऊन आणि ठिणगी आत जाणार नाही असं बांधतात. हवा खेळायला झरोका असतो, पण तो सरळ नसून मोडता असतो. अशी खोली दिसली तर लोक तिला "अंधारकोठडी" म्हणतात आणि तिथे कुणाला तरी कैदेत टाकतात. ऐका, हसा, झरोका तपासा.

बेलापूरच्या बाबतीत एक आकडा सगळीकडे फिरतो: भरभराटीच्या काळात इथे प्रत्येकी १८० माणसांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा होत्या, "४ ते १२ पौंड वजनाच्या". चार पौंडांची तोफ म्हणजे दोन किलोची. ती पोरगं शाळेच्या दप्तरातून नेईल! हे वजन तोफेचं नाही, तिच्या गोळ्याचं. त्या काळी तोफेची ओळखच गोळ्याच्या वजनाने व्हायची. बारा पौंडी म्हणजे साडेपाच किलोचा गोळा फेकणारी, आणि ती तोफ स्वतः टनाच्या आसपास असायची. एवढं दुरुस्त करून वाचलं की किल्ला एकदम समजतो. या मधल्या चणीच्या तोफा आहेत, होड्या अडवायला पुरेशा, गलबतांच्या ताफ्याशी दीर्घ झुंज द्यायला तोकड्या. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असे हात बदलत १८१७ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि मराठ्यांची ठाणी मोडायच्या त्यांच्या धोरणात त्याची पाडापाड झाली. आज जे तुटलेलं दिसतं ते सगळं काळाने केलेलं नाही, हे मनात ठेवून फिरा. भुयार घारापुरीला निघतं असंही गावात सांगतात. मधल्या खाडीच्या रुंदीकडे एकदा बघून घ्या.

तोफ सापडलीच तर

दुर्गाडीसारख्या ठिकाणी, एखाद्या चौकात, सरकारी कचेरीच्या आवारात किंवा बंदराच्या धक्क्यावर तोफ भेटू शकते. मुंबईत जुन्या तोफा उलट्या पुरून रस्त्याच्या कडेचे खांब केलेले आहेत, तेव्हा खांबाकडेही नीट बघा.

आधी धातू. पंचधातूची असेल तर हिरवट झाक असते. लोखंडी असेल तर ओतीव की घडीव ते बघा. घडीव तोफेत लांब पट्ट्यांवर एकाशेजारी एक कडी चढवलेली असतात, हातात बांगड्या भरल्यासारखी. म्हणून तिला बांगडी तोफ म्हणतात, जंजिऱ्याच्या कलालबांगडीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. ओतीव तोफ एकसंध असते.

मग तोंडाचा आतला व्यास मोजा, सेंटिमीटरमध्ये. गोळा नळीपेक्षा किंचित लहान असतो, म्हणून मोठ्या तोफेला अर्धा सेंटिमीटर वजा करा. आलेल्या आकड्याचा घन करा आणि ३.७७ ने गुणा. उत्तर गोळ्याचं वजन, ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ तोंड १२ सेंटिमीटर भरलं, अर्धा वजा जाता ११.५. त्याचा घन साधारण १,५२१, गुणिले ३.७७, म्हणजे ५,७३० ग्रॅमच्या आसपास. ही झाली बारा पौंडी. गंजाने तोंड झिजून मोठं झालेलं असतं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे चालायचंच.

इंग्रजी बनावटीच्या तोफेवर कधी तीन आकडे मध्ये आडव्या रेघा देऊन कोरलेले असतात, समजा १८–२–१४. हे साल नाही आणि तोफेचा क्रमांकही नाही, वजन आहे. पहिला आकडा गुणिले ११२ पौंड, दुसरा गुणिले २८ पौंड, तिसरा नुसते पौंड. म्हणजे २,०१६ अधिक ५६ अधिक १४, एकूण २,०८६ पौंड, सुमारे ९४६ किलो. हे गणित जागेवर करून दाखवलं की बरोबर आलेली शाळकरी मुलं तोफेला मिठी मारून "एक टन!" ओरडतात, आणि मोठी माणसं गुपचूप फोनवर गुणाकार तपासतात. मुकुट आणि राजाची अक्षरं दिसली तर सरकारी तोफ, बदामाच्या आकारातली अक्षरं असतील तर ईस्ट इंडिया कंपनीची.

अक्षरं नीट वाचता येत नसली तर खडू घासू नका आणि ब्रशने खरवडू नका. गंजाचा वरचा थर गेला की त्याबरोबर अक्षरंही जातात. बॅटरी तोफेला चिकटवून, जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. जे दिवसा दिसलं नाही ते सावलीत उमटतं. ऑइलपेंट फासणाऱ्या उत्साही मंडळींचाही मला राग येतो, पण त्यांचा हेतू चांगला असतो म्हणून तो गिळतो. खारट मातीतून काढलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. वरून रंग दिला की गंज आतल्या आत चालू राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

शेवटी मागच्या अंगाला, वरच्या बाजूला, बत्ती द्यायचं बारीक भोक शोधा. त्याला तोफेचा कान म्हणतात. बखरींत "तोफांच्या कानांत खिळे मारले" असं येतं ते इथलं. किल्ला सोडताना वेळ नसला की कानात खिळा ठोकायचा, म्हणजे शत्रूला ती लगेच वापरता येत नाही. बाजूचे दोन आडवे दांडे, ज्यांवर तोफ गाड्यात टेकते, तेही तपासा. एक किंवा दोन्ही फोडलेले असतील तर तिला मुद्दाम निकामी केलंय.

ठाण्याचा किल्ला: बाहेरूनच

ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे. आत जाता येत नाही, फोटो काढू नका, ड्रोनचं तर नावही काढू नका. पण या भागातल्या तोफांची सगळ्यात जिवंत हकीकत याच भिंतींची आहे. त्यामुळे घरी उपग्रहाचा नकाशा उघडून कोपऱ्यांवर पुढे आलेले टोकदार बुरूज बघा आणि मग एकदा कळव्याच्या पुलावरून चालत जाऊन खाडी, किल्ला आणि समोरचा काठ यांचं अंतर डोळ्यांत भरून घ्या.

पोर्तुगीज हा किल्ला बांधतच होते, तेव्हा, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं. पुढच्याच वर्षी ते परत घ्यायला पेद्रो द मेलो आरमार घेऊन खाडीत आला आणि किल्ल्यावरच्या तोफेच्या गोळ्याने मारला गेला. ज्यांनी भिंती उभारल्या त्यांच्याच सेनापतीला त्याच भिंतींवरून गोळा लागला.

मग १७७४ चा डिसेंबर. इंग्रजांनी वेढा घातला, तोफा लावून तट फोडायला घेतला. खिंडार पडलं तरी पुढे खंदक होता. रात्री तो बुजवायला गेलेली तुकडी मार खाऊन परतली, शंभरेक माणसं मेली किंवा जखमी झाली. दुसऱ्या दिवशी हल्ला करून त्यांनी किल्ला घेतला. खंदक म्हणजे नुसता खड्डा नव्हे, हे कुणाला पटत नसेल तर ही रात्र सांगा. या वेढ्यात आरमाराची बाजू सांभाळणारा कमोडोर वॉटसन मेला, पण गोळा त्याला लागला नव्हता. गोळा जवळच्या वाळूत आदळला आणि उडालेले कण त्याच्या अंगात घुसले. म्हणूनच मोर्चाच्या (तोफा लावलेल्या जागेच्या) आजूबाजूला काय आहे, माती, वाळू की खडक, हेही वहीत लिहायला सांगतो. मऊ माती गोळा गिळते, खडकावर आदळला तर त्याच्या कपच्याच गोळीसारख्या सुटतात.

गोळा हाती लागला तर

पावसानंतर माती वाहून गेली की गोळा वर येतो. भरीव लोखंडी गोळा असेल तर आकाराच्या मानाने इतका जड लागतो की हात खाली जातो. पण हातात घेऊ नकाच. काही गोळे पोकळ असतात, आत दारू भरलेली, त्यांना कुलपी गोळे म्हणत. उखळी तोफेतून ते उंच उडवून तटापलीकडे टाकायचे. गोळ्याला एका जागी भोक किंवा गंजलेलं बूच दिसलं तर तो कुलपी असण्याची शक्यता आहे. त्यावर दगड मारून बघणारे महाभाग मी पाहिलेत. आत दारू कोरडी असेल की नाही, याचा निकाल तुमच्या चेहऱ्यासमोर लागू नये. लांब व्हा, जागेचा फोटो काढा, पोलिसांना १०० किंवा ११२ वर कळवा.

भरीव असला तरी तो घरी न्यायचा नाही. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या पुरलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो, आणि तो अजून लागू आहे. संरक्षित किल्ल्यावर खणणं तर वेगळाच गुन्हा. शोकेसमध्ये ठेवलेला गोळा कुठे सापडला हे दहा वर्षांनी घरातल्या कुणालाही आठवत नाही. जागेवरचा गोळा मात्र तो कुठून आणि कुठे मारला गेला ते सांगू शकतो.

नोंद कशी लिहायची

एका बुरुजाला वहीचं एक पान. वर तारीख, वेळ, भरती की ओहोटी. मध्ये बुरुजाचं वरून दिसणारं चित्र, कितीही वेडंवाकडं असलं तरी चालेल, आणि त्यावर उत्तर दिशेचा बाण. खिडक्यांना १, २, ३ असे आकडे, प्रत्येकीची चार मापं आणि दोन टोकांचे अंश. खाली दोन रकाने: "दिसलं" आणि "वाटलं". परांचीची ती २३ भोकं माझ्या वहीत "दिसलं"च्या रकान्यात पडली होती, तिथेच सगळा घोळ झाला. "चौकोनी भोक, १२ बाय १२ सेंटिमीटर, आरपार नाही" हे दिसलं. "जंगी असावी" हे वाटलं.

गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं तिसऱ्या जागी लिहा, त्यांच्याच शब्दांत. किल्ले गावठाणात कोळी-आगरी घरांत अजून एखादी आजी भेटते, जी बुरुजाला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारते. ते नाव तुम्हाला कुठल्याही नकाशावर सापडणार नाही.

पहिल्यांदा निघत असाल तर बेलापूरचा एकच बुरूज घ्या आणि त्यालाच पूर्ण सकाळ द्या. घोडबंदर दुसऱ्या रविवारी, तेही ओहोटीला, म्हणजे खाडीच्या बाजूने तटाचा पाया दिसेल. चिखलात बूट रुततात, मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत टाका.